परतीचा प्रवास : क्वीन्सटाउन ते चिपळूण, ३५ तास

वाशिष्ठीकाठ

एप्रिलच्या शेवटी आम्ही न्यूझीलंडहून परत आलो. मी, हे आणि सासूबाई. आईंचं वय ७५, गुडघे दुखरे, बाकी तब्येत ठणठणीत. दक्षिण बेटावरचे १२ दिवस फार सुखाचे गेले. ॲरोटाउनची पिवळीधमक झाडं, टेकापोचा निळा तलाव, मिलफर्ड साउंडला जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना कोसळणारे धबधबे. त्याबद्दल सवडीने लिहीन. आज लिहायचंय ते परतीबद्दल, कारण जाताना आम्ही तासातासाचा हिशोब केला होता आणि येतानाचं तिकीट फक्त स्वस्त बघून काढलं होतं. त्याची किंमत आईंनी मोजली, आणि आणखी मोठी मोजावी लागली असती.

सकाळी ६ वाजता क्वीन्सटाउनचं हॉटेल सोडलं. भारतात तेव्हा आदल्या रात्रीचे साडेअकरा. ऑकलंडपर्यंतचं विमान पावणेदोन-दोन तासांचं. तिथे देशांतर्गत टर्मिनलवरून आंतरराष्ट्रीय टर्मिनलला जायला जमिनीवर हिरवी रेघ आखलेली आहे, तिच्यावरून चालत गेलं की १०-१२ मिनिटांत पोचता येतं. फुकट बसही आहे. आई म्हणाल्या, "बसून बसून आंबलेय, चालूया." चाललो.

आणि सुरक्षा तपासणीत आईंची पिशवी बाजूला निघाली.

सेंट्रल ओटागोत, क्रॉमवेलच्या बाजूला, डोंगरउतारावर थाइमची झुडपं रानोमाळ माजलेली असतात. त्या फुलांचा मध तिथली खासियत आहे. आईंनी रस्त्यावरच्या एका फळांच्या दुकानातून त्याची ५०० ग्रॅमची बाटली घेतली होती, गुहागरच्या धाकट्या बहिणीसाठी. मावशी रोज मधातून औषध घेतात. बाटली फुटेल म्हणून आईंनी ती हातातल्या पिशवीत शालीत गुंडाळून ठेवली होती. क्वीन्सटाउनला कुणी हटकलं नाही, कारण न्यूझीलंडमधल्या देशांतर्गत विमानांना हातातल्या सामानात १०० मिलीहून मोठ्या बाटलीत द्रव पदार्थ न नेण्याची अट नाही. ऑकलंडपासून पुढे ती लागू होते, आणि मध त्यात द्रव म्हणूनच धरला जातो. मोठ्या बॅगा तर क्वीन्सटाउनलाच थेट मुंबईपर्यंत गेल्या होत्या. बाटली ठेवायला जागाच उरली नव्हती.

तपासणीवरची मुलगी अगदी सौम्यपणे बोलत होती. आईंना इंग्रजी समजत नाही, पण बाटली कुठल्या पेटीत गेली ते त्यांनी पाहिलं. शालीची घडी पुन्हा नीट घातली आणि म्हणाल्या, "चला. नियम तो नियम." पुढचा तासभर त्या काही बोलल्या नाहीत. ही चूक माझी होती, १०० मिलीचा नियम मला माहीत होता.

ऑकलंड ते सिंगापूर पावणेअकरा तास. दुपारचं विमान, त्यामुळे सगळा वेळ उजेड. आईंना समोरच्या पडद्यावर नकाशा लावून दिला होता. समुद्र संपला, ऑस्ट्रेलिया सुरू झाली, आणि ती संपेचना. जेवण झालं, डुलकी झाली, तरी विमान ऑस्ट्रेलियावरच. आई खिडकीला नाक लावून खालची तांबडी जमीन बघत होत्या. "माती आपल्यासारखीच आहे गं," म्हणाल्या, "पण एक झाड नाही. एवढ्या तांबड्या मातीत एक काजू नाही!" मला तो क्षण सगळ्या सहलीतला फार जवळचा वाटतो.

सिंगापूरला ४ तास होते. तिथे पोटऱ्या-पावलं चेपून देणारी फुकटची यंत्रं आहेत, आईंना त्यांनी बराच आराम पडला. विमानतळाच्या आवारातला तो प्रसिद्ध ४० मीटर उंचीचा धबधबा इमिग्रेशनच्या पलीकडे असल्यामुळे व्हिसाशिवाय जवळून बघता येत नाही, पण टर्मिनल २ आणि ३ मधल्या स्कायट्रेनच्या काचेतून ओझरता दिसतो. आम्ही त्यासाठी दोन फेऱ्या मारल्या. मग साडेपाच तासांचं मुंबईचं विमान. पहाटे अडीचला उतरलो. बॅगा घेऊन बाहेर यायला चार वाजले.

आता महत्त्वाचं.

गाडी आधी सांगून ठेवली होती. ड्रायव्हरदादा ओळखीतले, भला माणूस. पण ते आदल्या दिवशी अलिबागचं भाडं करून आले होते आणि रात्रभर पार्किंगमध्ये बसून होते, हे आम्हाला कळलं ते वडखळ सोडल्यावर. आम्हाला बसल्याबसल्या झोप लागली. माणगावच्या अलीकडे गाडी डावीकडच्या खडीवर गेल्याचा आवाज आला आणि माझे डोळे उघडले. आरशात पाहिलं तर दादांची मान कलली होती. मी जोरात हाक मारली. त्यांनी गाडी सावरली, बाजूला घेतली. दोन-तीन मिनिटं कुणीच काही बोललं नाही.

माणगावात एका चहाच्या टपरीवर थांबलो. आईंनीच दादांना मागच्या सीटवर झोपायला लावलं. दीड तास ते झोपले, आम्ही बाकावर बसून राहिलो. मग महाड, पोलादपूर, कशेडीचा बोगदा, खेड, परशुराम घाट, आणि ११ वाजता दार उघडलं. हॉटेल सोडल्यापासून साडेपस्तीस तास.

एकाच तिकिटावर १३,३०० किलोमीटर विमानातून सुखरूप आणलं आम्हाला, आणि शेवटच्या अडीचशे किलोमीटरवर आम्ही जीव टांगणीला लावला. मुंबईत एक दिवस मुक्काम करायला काय हरकत होती, याचं उत्तर माझ्याकडे नाही. "एकदाचं घर गाठू" एवढंच डोक्यात होतं.

परतीचा प्रवास तुम्ही कसा ठरवता? विशेषतः ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर? आणि ज्यांचं घर विमानतळापासून ५-६ तासांवर आहे, त्यांनी आवर्जून लिहा.

---

रानवारा

वाचून अंगावर काटा आला. सगळे सुखरूप आहात, हे महत्त्वाचं.

---

नाडीपरीक्षा

मी डॉक्टर आहे, म्हणून दोन गोष्टी सांगते.

पहिली झोपेची. रात्री २ ते सकाळी ६ या वेळात जागा माणूससुद्धा सर्वात मंद असतो. रात्रभर बसून राहिलेला ड्रायव्हर त्या वेळात गाडी चालवणार असेल तर तो कितीही अनुभवी असो, धोका आहेच. गाडी ठरवताना "दिवसा झोप झाली का" हे विचारायला संकोच करू नका. शक्य असेल तर उजाडल्यावर निघा.

दुसरी पायांची. चार तासांहून लांबच्या प्रवासात एका जागी बसून पायाच्या शिरेत गुठळी होण्याची शक्यता वाढते. निरोगी माणसात ती कमीच असते, पण वय, लठ्ठपणा, नुकतंच झालेलं ऑपरेशन, कर्करोग, पूर्वी झालेली गुठळी यांनी वाढते. दर तासा-दीड तासाला उठून चालायचं, बसल्या जागी टाचा-चवडे वरखाली करायचे, पाणी प्यायचं. बाथरूमला उठावं लागू नये म्हणून आपल्याकडच्या ज्येष्ठ बायका विमानात पाणीच पीत नाहीत, हे मी रोज ऐकते. त्यांना जाण्यायेण्याच्या कडेची सीट द्या, म्हणजे शेजाऱ्याला उठवायचा संकोच राहत नाही. गुडघ्याखालचे घट्ट मोजे कुणी वापरावेत ते आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

आणि एक. परतल्यावर पुढच्या काही आठवड्यांत एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली किंवा अचानक दम लागला, तर "प्रवासाचा शीण" म्हणून घरी बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

---

गाडीवान

वेगळं मत मांडतो. मुंबईत मुक्काम म्हणजे पुन्हा बॅगा उतरवा, चढवा, हॉटेलचे पैसे भरा, आणि झोप लागतेच असं नाही. माझ्या आईवडिलांना अनोळखी खोलीत डोळ्याला डोळा लागत नाही. घरचा पलंग तो घरचा पलंग. आम्ही दरवेळी सरळ घरीच जातो, फक्त रस्त्याने जात नाही.

कोकणातल्यांना रेल्वे आहे. पहाटेची जनशताब्दी किंवा सकाळची मांडवी, दोन्ही ठाणे-पनवेल करत चिपळूणला थांबतात. वंदे भारत चिपळूणला थांबत नाही, तिच्यासाठी खेडला उतरावं लागतं. मात्र विमान आणि गाडी यांच्यात निदान ५ तास ठेवा, आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं ते तपासून घ्या. विमानाला उशीर होऊन गाडी चुकलीच तर तिकिटाचे पैसे गेले असं धरायचं. हॉटेलपेक्षा ते स्वस्तच पडतात.

---

वाशिष्ठीकाठ

@नाडीपरीक्षा, ताई, पाण्याचं अगदी खरं. ऑकलंड ते सिंगापूर आईंनी जेमतेम एक ग्लास पाणी घेतलं. मी खिडकी दिली म्हणून खूश होते, पण तुमचं वाचून वाटलं, निम्म्या वाटेत जागा बदलायला हवी होती.

@गाडीवान, रेल्वेचा विचार केला होता, पण चार मोठ्या बॅगा आणि आईंचे गुडघे, पुलाचे जिने कसे चढायचे? तुम्ही सामान कसं करता?

---

गाडीवान

पनवेलला लिफ्ट आणि हमाल दोन्ही मिळतात. तरी चार बॅगा म्हणजे जास्तच. खरेदीची एक बॅग आम्ही मुंबईत बहिणीकडे ठेवतो, ती पुढच्या आठवड्यात कुणाबरोबर तरी येते. बहीण नसती तर कदाचित मीही हॉटेलच म्हटलं असतं, हे मान्य.

---

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत असते. आईबाबा उन्हाळ्यात येतात, सप्टेंबरमध्ये परत जातात. त्यांच्यासाठी ती नातवंडांबरोबरची सुट्टी, आणि त्या सुट्टीच्या शेवटी दोघं एकटे परत निघतात. त्यांना विमानतळावर सोडून गाडीत येऊन बसले की मला १५-१६ तास दुसरं काही सुचत नाही.

पूर्वी दोनशे-तीनशे डॉलर वाचतात म्हणून एका ठिकाणी विमान बदलणारं तिकीट काढायचो. एका वर्षी मधल्या विमानतळावर व्हीलचेअर लावणाऱ्याने दोघांना एका कोपऱ्यात नेऊन बसवलं आणि "येतो" म्हणून जो गेला तो परत फिरकला नाही. बाबांना थोडं इंग्रजी येतं, पण ते भिडस्त, कुणाला विचारायला गेले नाहीत. फलकावर शेवटची सूचना लागली तेव्हा आईनेच एका मराठी बोलणाऱ्या मुलीला हाक मारली. ती त्यांना घेऊन धावली. त्या मुलीचं नावसुद्धा आम्हाला माहीत नाही. तिचं भलं होवो.

तेव्हापासून थेट विमान. नेवार्कहून मुंबई, एकदा बसले की मुंबईतच उतरायचं. शिवाय आता एक कागद करून देते, बाबांच्या खिशात आणि आईच्या पर्समध्ये एकेक प्रत. एका बाजूला इंग्रजीत मोठ्या अक्षरात : आम्हाला व्हीलचेअर सांगितलेली आहे, आमचं विमान अमुक, कृपया गेटपर्यंत न्या, मुलीचा फोन अमुक. दुसऱ्या बाजूला मराठीत, त्यांच्यासाठी : आधी काय, मग काय, कुठे पासपोर्ट दाखवायचा, बॅगा कुठल्या रंगाच्या. व्हीलचेअर निदान ४८ तास आधी विमान कंपनीला कळवावी लागते, आणि बदलायचं विमान असेल तर दोन्ही टप्प्यांसाठी नोंद झाली आहे का, ते फोन करून विचारा. नुसती ईमेल आली म्हणजे झालं असं समजू नका.

औषधं हातातल्या बॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट. बाबांचं इन्सुलिन एकदाही चेक-इन बॅगेत टाकत नाही. तिथे तापमान खूप खाली जाऊ शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. घड्याळ साडेनऊ तास पुढे सरकतं तेव्हा डोस कधी घ्यायचा, हे निघायच्या आधी डॉक्टरांकडून लिहून घेतो.

---

पाऊलवाट

तिकीट "स्वस्त बघून" काढण्याबद्दल लिहितो, कारण आम्ही दोन्ही प्रकार भोगलेत.

वाशिष्ठीकाठताई, तुमचं एक बरोबर होतं : सगळा प्रवास एका तिकिटावर. पहिलं विमान उशिरा आलं आणि पुढचं चुकलं, तर तुम्हाला मुक्कामी पोचवणं ही कंपनीची जबाबदारी राहते. दोन वेगळी तिकिटं काढली तर दुसऱ्या कंपनीला तुमच्या पहिल्या विमानाशी काही देणंघेणं नसतं. तुम्ही आलात नाही एवढंच तिला दिसतं. शिवाय वेगळ्या तिकिटावर बॅगा बहुतेक वेळा मध्येच उतरवून पुन्हा द्याव्या लागतात. म्हणजे इमिग्रेशनमधून बाहेर पडावं लागतं, म्हणजे त्या देशाचा व्हिसा लागतो. हे विमानतळावर कळलेली कुटुंबं मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

आमचं प्रागहून निघालेलं विमान तांत्रिक बिघाडामुळे उशिरा निघालं आणि पुढचं मुंबईचं चुकलं. एकच तिकीट होतं, म्हणून रात्रीचं हॉटेल, जेवण आणि दुसऱ्या दिवशीचं विमान मिळालं. शेंगेन व्हिसाचे (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचे) दिवस मोजूनमापून घेतले नव्हते म्हणून विमानतळाबाहेर हॉटेलात जाता आलं. व्हिसा मागताना परतीच्या तारखेपुढे दोनतीन दिवस हाताशी असू द्या.

आणि हे पुष्कळांना ठाऊक नसतं : युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघत असाल तर विमान कंपनी कुठलीही असो, २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार उशिराची भरपाई मागता येते. ३,५०० किलोमीटरहून लांबचा प्रवास असेल आणि मुक्कामी ४ तासांहून जास्त उशिरा पोचलात, तर माणशी ६०० युरो. हवामानासारखं कारण असेल तर नाही, पण नेहमीचा तांत्रिक बिघाड त्या सवलतीत बसत नाही. आम्ही अर्ज केला, कंपनीने आधी नकार दिला, दुसऱ्यांदा नियमाचा दाखला देऊन लिहिलं तेव्हा पैसे आले. बोर्डिंग पास टाकून देऊ नका.

बॅग आली नाही किंवा फुटून आली, तर पट्ट्याजवळच्या काउंटरवर तक्रार नोंदवल्याशिवाय बाहेर पडू नका. मोडतोडीची लेखी तक्रार बॅग हातात आल्यापासून ७ दिवसांत, उशिराची २१ दिवसांत करावी लागते. दमलेलो असतो, "उद्या बघू" म्हणतो, आणि तिथेच हक्क जातो.

---

माडावरचावारा

सावंतवाडीहून. आम्ही मुंबईत उतरून गोव्यातल्या मोपा विमानतळाचं विमान पकडतो. २०२३ पासून मोपा सुरू झालं आणि दक्षिण कोकणाचा प्रवास फार सोपा झाला. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. बॅगेवर गोव्याचा टॅग असला तरी भारतात पहिल्यांदा जिथे उतरता तिथे कस्टम्ससाठी ती स्वतः घेऊन पुन्हा द्यावी लागते. आणि पुढचं विमान टर्मिनल १ वरून आहे की २ वरून, ते पाहा. दोन्हींत काही किलोमीटरचं अंतर आहे आणि मध्ये मुंबईची रहदारी.

इमिग्रेशनच्या रांगेबद्दल कुणी लिहिलं नाही. जानेवारी २०२५ पासून मुंबईतही विश्वासू प्रवाशांसाठीची जलद योजना आहे. भारतीय नागरिकांनी ऑनलाइन अर्ज करायचा, बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे, मग यांत्रिक फाटकातून जाता येतं. आम्ही दोघांनी केलंय. पहाटे तीनला ती लांबलचक रांग बघितली की याचं मोल कळतं.

---

तुळसवृंदावन

मी घरी पोचल्यानंतरचं सांगते, कारण प्रवास दारात संपत नाही.

निघायच्या आधी मी शेजारच्या काकूंकडे किल्ली देऊन ठेवते. आम्ही यायच्या दिवशी त्या खिडक्या उघडतात, पाणी भरतात, अर्धा लिटर दूध आणून ठेवतात. बंद घराचा तो कोंदट वास आला की थकवा दुप्पट होतो. डब्यात तांदूळ-मूगडाळ धुवून वाळवून ठेवलेली असते, शेजारी मेतकूट. दार उघडलं की आंघोळीआधी कुकर. मऊ भात, मेतकूट, तूप, लिंबाचं लोणचं. दोन आठवडे पाव-चीज खाल्लेल्या जिभेला त्यासारखं दुसरं काही नाही. माझे सासरे पहिल्या घासाला डोळे मिटतात.

पहिल्या दिवशी बॅगा उघडायच्या नाहीत, कुणाला भेटायला बोलवायचं नाही. फोटो दाखवायला आठवडा पडलाय.

---

नाडीपरीक्षा

@तुळसवृंदावन, फारच छान. यात थोडी झोपेची भर घालते. शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास या गतीने जुळतं. पश्चिमेकडे येणं, म्हणजे न्यूझीलंडहून भारत, त्यातल्या त्यात सोपं, कारण आपलं आतलं घड्याळ मुळातच २४ तासांहून किंचित लांब असतं, दिवस लांबवणं त्याला जमतं. अमेरिकेहून पूर्वेकडे येताना जास्त त्रास होतो. न्यूझीलंडहून आल्यावर आठवडाभर पहाटे २-३ ला जाग येते आणि संध्याकाळी सातला डोळे मिटतात. दुपारी झोपलात तर अर्धा तासच. संध्याकाळी उन्हं असेपर्यंत अंगणात बसा. ज्येष्ठांना रात्री उठल्यावर अंधारात दिशा कळत नाही, पडतात. बाथरूमपर्यंतचा दिवा आठवडाभर चालू ठेवा.

---

वाशिष्ठीकाठ

ताई, अगदी असंच झालं. तिसऱ्या दिवशी पहाटे तीनला आई परसात बॅटरी लावून अबोलीच्या वाफ्यातलं तण काढत बसल्या होत्या. "तिकडे साडेनऊ वाजले असतील, उन्हं आली असतील टेकापोला," म्हणाल्या.

सगळ्यांचं वाचून आमच्यापुरतं ठरवलंय. पुढच्या वेळी रात्री उतरलो तर मुंबईच्या टर्मिनल २ जवळ मुक्काम, दुपारी जेवून गाडी, आणि गाडी आदल्या रात्री न चाललेली. गाडीवानदादांची एक बॅग मागे ठेवायची युक्तीही घेतली, अंधेरीत भाचा आहे. ज्यांना मध्येच थांबायचं असेल त्यांच्यासाठी : सिंगापूरच्या ट्रान्झिट भागात तासांवर खोली देणारी हॉटेलं आहेत, तिथे राहायला व्हिसा लागत नाही. आम्हाला ते परत आल्यावर कळलं.

ड्रायव्हरदादांना यांनी दुसऱ्या दिवशी फोन केला. ते म्हणाले, "वहिनींनी हाक मारली नसती तर..." आणि पुढे बोलू शकले नाहीत. त्यांना एकट्याला दोष देण्यासारखं काही नाही. पहाटे चारला गाडी हवी, असं आम्हीच म्हटलं होतं.

---

दक्षिणतारा

उशिरा आलो धाग्यावर. मी ख्राइस्टचर्चला असतो. मधाचं वाचून फार वाईट वाटलं. डिसेंबरात घरी पुण्याला येतोय. सेंट्रल ओटागोचा तोच थाइमचा मध मिळतो इथे, एक बाटली चेक-इन बॅगेत टाकून आणतो आणि पुण्याहून चिपळूणला पोचती करतो. मावशींना सांगा.

---

वाशिष्ठीकाठ

@दक्षिणतारा, आईंना वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं त्यांनी. मग म्हणाल्या, बाटली आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग डब्यात, मग कपड्यांच्या मधोमध ठेवायला सांग त्याला. आणि कुरिअरने पाठवायची नाही म्हणावं, स्वतः घेऊन यायचं, जेवायलाच.